डाव्या हाताची शिकवणी

क्लेलिया गेल्याचं कळलं तेव्हा तांगी शाई वाळायची वाट बघत होता.

फोन वाजला. हात काळे होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला आणि पलीकडून कोण बोलतंय ते न ऐकताच म्हणाला, "एक मिनिट हं, पान ओलं आहे." पलीकडे नांत शहरातल्या इस्पितळातली बाई होती. ती खरंच थांबली. तांगीने पान उचलून खिडकीपाशी ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि मग म्हणाला, "हं, बोला."

क्लेलिया आईकडे गेली होती, चार दिवसांसाठी. बाजारात नासपती निवडता निवडता ती खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं ती बाई म्हणाली. पुढचं तांगीला फारसं आठवत नाही. पण ते मिनिट आठवतं. त्या मिनिटात त्याची बायको त्याच्यापुरती जिवंत होती. आणखी एखादं पान वाळवायला हवं होतं, असं त्याला नंतर कितीदा तरी वाटलं.

क्लेलिया चित्रकथा काढायची. ती पेन्सिलीने काढायची आणि तांगी शाईने गिरवायचा. ती डावखुरी, तो उजवा. पॅरिसच्या तेराव्या वस्तीत, एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात एकच मोठं टेबल होतं. ती एका बाजूला बसायची, हा समोर. मधे पान. ती पानाचा खालचा भाग काढत असायची तेव्हा हा वरच्या भागाला शाई लावायला घ्यायचा. त्यामुळे क्लेलियाने काढलेली सगळी माणसं तांगीने उलटी पाहिली होती, डोकं खाली, पाय वर. लोक हसायचे. तांगी म्हणायचा, "मला ती अशीच ओळखू येतात."

तिचं शेवटचं पुस्तक याच टॉवरांमधल्या तरुण पोरापोरींचं होतं. फोनवर भेटणारी, एका रात्रीत जवळ येणारी, खोली वाटून घेणारी आणि मन मात्र वाटून न घेणारी माणसं. पुस्तक खपलं. ती गेल्यावर दोन वर्षांनी त्यावर सिनेमा करायचं ठरलं आणि नोएमी नावाची दिग्दर्शिकेची मदतनीस तांगीकडे आली.

"सिनेमातली मुलगी चित्रं काढते," नोएमी म्हणाली. "तीन ठिकाणी तिचा हात दिसायला हवा. खरंखुरं काढताना. आमची नटी उजवी आहे आणि तिला साधं मांजरही काढता येत नाही."

"मग?"

"क्लेलियासारखी रेघ तुम्हालाच येते ना?"

तांगीने हात पुढे केला. तो ब्रेतान्यातल्या कोळ्यांच्या घरातला, हात चांगला पंज्यासारखा, केसाळ. नोएमीने जरा विचार केला आणि वस्तरा आणवला. केस काढले, क्रीम लावलं, अंगठी घातली. कॅमेरावाल्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "पिसं उपटलेला कोंबडा दिसतोय." सगळे हसले. तांगीही हसला. तो हात चालणार नव्हता; बाईचा, तोही डावा हात हवा होता, आणि तो शोधून शिकवायचं तांगीने अंगावर घेतलं.

त्याला सिनेमाचं काही पडलेलं नव्हतं. क्लेलियाची रेघ कागदावर उमटताना एकदा, फक्त एकदा बघायची होती. छापलेली पानं घरात ढिगाने होती. पण छापलेली रेघ आधीच झालेली असते… होताना दिसत नाही.

तसा सोललेला हात घेऊन तो टॉवरांच्या मधल्या चौथऱ्यावर आला. भुरभुर पाऊस होता. सूपचं दुकान उघडं दिसलं म्हणून आत शिरला. या दुकानाची मालकीण फ्नोम पेन्हची म्हातारी, तांगीला वर्षानुवर्षं लंबू म्हणायची. आज गल्ल्यावर मात्र दुसरीच कोणी होती. केस वर बांधलेले, कपाळाला घाम.

"अगंबाई, भाजला का हात?"

"नाही. केस काढलेत."

"एकाच हाताचे?"

"हो."

"दुसरा रुसला नाही का?"

तांगीने सूप मागवलं. ती ऑर्डर लिहायला लागली आणि तो बघतच राहिला. डावा हात. मनगट आत वळवलेलं, पेन ओढत नव्हे तर ढकलत चाललेलं. आणि करंगळीखालची हाताची कड निळी. डावखुऱ्यांचा हात आपल्याच लिहिलेल्यावरून घसटत जातो, तसली निळी. क्लेलियाची करडी असायची, पेन्सिलीची.

"काय बघताय?" ती म्हणाली. "नंबर हवा असेल तर तोंडाने मागा."

"नंबर नको. मला तुमचा हात हवाय."

शेजारच्या टेबलावरचा माणूस चमचा तोंडाशी धरून थांबला. आतून मालकिणीचा आवाज आला, "बोफा! काय म्हणतोय गं लंबू?"

"हात मागतोय, मावशी!"

"उभ्या उभ्या? जेवू तरी दे आधी त्याला!"

तांगीचे कान लाल झाले. मग त्याने बसून सगळं समजावून सांगितलं: सिनेमा, चित्रं, डावा हात. एवढंच नाही सांगितलं की क्लेलिया त्याची बायको होती. 'माझ्याबरोबर काम करायची' म्हणाला. खोटं नव्हतं ते.

बोफा सकाळी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायची आणि दुपारी मावशीला मदत करायची. सप्टेंबरात मार्सेयच्या एका इस्पितळात रुजू व्हायचं होतं, तोवर हे असं. "हात स्थिर आहे माझा," ती म्हणाली. "सकाळभर लोकांच्या शिरा शोधते. पण चित्र? शाळेत मी घोडा काढला होता, बाईंनी विचारलं, ही कुठली खुर्ची?"

"शिकवतो."

"बघा हं. मी वाईट विद्यार्थिनी आहे. मास्तरांना उलटून बोलते."

*

दुपारी, दुकानातली गर्दी ओसरली की ती वर यायची. अंगाला चक्रीफुलाचा आणि कोथिंबिरीचा वास. तांगी आपल्या खुर्चीत बसायचा, ती समोर, क्लेलियाच्या. दुसरी जागा नव्हतीच.

क्लेलियाची रेघ सोपी दिसायची आणि नव्हती. बारीक सुरू व्हायची, गालापाशी जरा भरायची आणि हनुवटीपाशी येऊन मधेच सुटायची. चेहरा पुरा व्हायचाच नाही. बोफा दर वेळी तो पुरा करून टाकायची.

"हनुवटी मिटवू नका."

"अहो, नाही मिटवली तर चेहरा सांडेल ना!"

"नाही सांडत. उरलेलं वाचणारा मिटवतो."

"म्हणजे अर्धं काम लोकांनी करायचं आणि नाव हिचं!" बोफा पुढचा कागद ओढायची. "हुशार होती हो तुमची मैत्रीण. चला, पुन्हा."

पहिल्या आठवड्यात सगळ्या चेहऱ्यांच्या खुर्च्या झाल्या. तांगी समोरून बोट दाखवायचा, "इथे वळवा, नाही, उजवीकडे… म्हणजे तुमच्या डावीकडे…" आणि बोफा हसून लोळायची. काम कमी, बोलणं जास्त. ती सांगायची, फोनवर भेटलेली माणसं कशी असतात. एक जण पहिल्या भेटीत आईला घेऊन आला होता. एकाने हॉटेलात बसल्या बसल्या दुसरीशी बोलणं चालू ठेवलं.

"आणि मग एक चांगला भेटला," बोफा म्हणाली. पेन्सिल चालूच होती. "चार महिने. दात घासायचा ब्रश आणून ठेवला माझ्याकडे. आणि एक दिवस बंद. मेसेज नाही, फोन नाही, काही नाही. ब्रश अजून आहे. मला तर वाटतं, मेला असता तर बरं झालं असतं. निदान कुणीतरी कळवलं असतं!"

तांगीने खोडरबर उचललं, पुन्हा ठेवलं.

"कळवतात," तो म्हणाला. "नीट कळवतात. आपण थांबा म्हटलं तर थांबतातसुद्धा."

बोफाची पेन्सिल थांबली. तिने भिंतीकडे पाहिलं. खुंटीवर बायकी रेनकोट होता. रोज तिथेच होता. तिने टेबलाकडे पाहिलं, आपण बसलोय त्या खुर्चीच्या झिजलेल्या हाताकडे. डावाच हात झिजलेला.

"ती तुमची… ही तिची खुर्ची आहे?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता का?"

बोफाने पेन्सिल खाली ठेवली. तांगीला वाटलं, आता उठेल आणि जाईल. पिशवी घेईल, जिना… लिफ्टची वाट बघेल… पण ती म्हणाली, "तुम्ही उलटं शिकवताय, मास्तर. म्हणून मला येत नाही. इकडे या. माझ्या बाजूला."

त्या बाजूला जागा नव्हती. तांगीने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि तिच्या डावीकडे बसला. आणि समोर बघून दचकला. समोर त्याची स्वतःची खुर्ची होती, रिकामी, मागे खिडकी, खिडकीत संध्याकाळचा उजेड. सात वर्षं क्लेलियाला इथून काय दिसत होतं, ते त्याला आज कळलं. तांगीच दिसत होता तिला. मान वर केली की हाच.

"काय झालं?"

"काही नाही. पेन्सिल धर."

तो 'धर' म्हणाला हे दोघांच्याही लक्षात आलं.

त्याने आपला उजवा हात तिच्या डाव्या हातावर ठेवला आणि रेघ ओढली. बारीक… मग गालापाशी जरा भरून… "आता सोड." हात हवेत उचलले गेले. कागदावर एक मुलगी होती, हनुवटी उघडी. तिचीच. क्लेलियाची.

"सुलटी," तांगी म्हणाला.

"म्हणजे?"

"आजवर मी यांना सुलटं होताना पाहिलंच नव्हतं."

तो नाक शिंकरायला आत गेला. बाहेर आला तेव्हा बोफाने त्या मुलीला मिशा काढल्या होत्या. तो हसला, तीही हसली आणि तिने पुढचा कागद घेतला.

*

मे सरला, जूनही अर्धा गेला. बोफाला रेघ येऊ लागली. हात धरायची गरज उरली नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. तरी रोज निदान एक चेहरा चुकायचाच.

"चुकलं वाटतं, मास्तर."

"मुद्दाम चुकतेस तू."

"मग? ओरडा."

तो ओरडायचा नाही. स्टूल ओढायचा. तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा एक डाग होता, तांदळाच्या दाण्याएवढा, मावशीच्या सूपच्या पातेल्याचा. हात धरला की तो त्याच्या बोटाखाली यायचा, जरा खरखरीत. तांगीने त्याचा कधी विचार केला नाही. तो विचार करायचा रेघेचा. निदान त्याला तसं वाटायचं.

मावशीला सगळं दिसत होतं. "लंबू," ती एकदा भांडं पुसता पुसता म्हणाली, "तू सूप प्यायला येतोस की घड्याळ बघायला? दोन वाजले की सोडते म्हटलं ना तिला. गिळ आधी."

"सूप छानच आहे, मावशी."

"सूप तीस वर्षं छानच आहे. तू आत्ता म्हणायला लागलास."

चित्रीकरणाचा दिवस आला. शेजारच्याच टॉवरमधलं रिकामं घर घेतलं होतं. बोफाला सिनेमातल्या मुलीचा करडा स्वेटर घातला, बाह्या वर सारल्या. मेकअपवाली तिच्या हाताशी बराच वेळ बसली. क्लेलियाच्या जुन्या फोटोत होती तशी पातळ चांदीची अंगठी नोएमीने शोधून आणली होती. तांगीला एका छोट्या पडद्यासमोर बसवलं. "रेघ चुकली तर सांगायचं," दिग्दर्शिका म्हणाली.

पडद्यावर फक्त हात होता. कागद, पेन्सिल आणि तो हात.

रेघ निघाली. बारीक. गालापाशी भरली. हनुवटीपाशी सुटली. तांगीने श्वास धरला. दोन वर्षं याचीच वाट बघितली होती त्याने. हात तिचा, अंगठी तिची, करडी झालेली कड तिची. कुठे काही कमी नव्हतं. आता रडू येईल, असं त्याला वाटलं.

आलं नाही. तो पडद्याजवळ सरकला, आणखी सरकला. काहीतरी शोधत होता आणि ते सापडत नव्हतं.

"कट. रेघ बरोबर?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"बरोबर आहे."

"मग तोंड का असं?"

"डाग कुठे गेला?"

"कसला डाग?"

"तिच्या अंगठ्यावरचा. इथे. भाजल्याचा."

मेकअपवाली म्हणाली, "मी झाकला. छान झाकलाय ना?"

नोएमीने दिग्दर्शिकेकडे पाहिलं आणि मग दोघींनी छताकडे. तिकडे टेबलापाशी बोफाने मान वर केली नव्हती. पण पुढचं चित्र घेतलं तेव्हा तिने हनुवटी मिटवून टाकली, आणि ते चित्र टाकून द्यावं लागलं.

*

संध्याकाळी दोघं चौथऱ्यावर कठड्याला टेकून उभे होते. खाली पोरं चाकाच्या फळ्यांवरून घसरत होती. बोफाने ओल्या रुमालाने अंगठा पुसला आणि पुढे केला.

"हा घ्या तुमचा डाग."

तांगीने तिचा हात हातात घेतला. पेन्सिल नव्हती, कागद नव्हता. आता धरलेल्या हाताचं काय करायचं असतं, ते त्याला एकदम सुचेना.

"सगळ्यांसमोर विचारलंस," ती म्हणाली.

"मला कळलंच नाही मी काय विचारतोय ते."

"आता कळलं?"

"हो…"

"मग सांग ना. आज उलटून नाही बोलणार मी."

"मी तिला बघायला बसलो होतो, बोफा. ती दिसली. अगदी तशीच दिसली. आणि मी… तुला शोधत होतो."

बोफाने ओठ दाबले. मग टाचा उचलून त्याच्या गालावर ओठ टेकले, हनुवटीजवळ, आणि बराच वेळ तिथेच राहिली. खालच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून दुकानाच्या दारातून मावशी ओरडली, "तीन वाट्या सूप गार होतंय! मी पिणार नाहीये ते!"

"तिसरं कोणाचं?" तांगीने विचारलं.

"तुझंच. ती तुला दोन वाट्या देते हल्ली. वाळलास म्हणते." बोफाने हात सोडला नाही. "ऐक. मी सप्टेंबरात जाणार आहे. घर घेतलंय तिकडे, माहीत आहे तुला."

"माहीत आहे."

"मी राहा म्हटल्यावर राहणारी नाही आणि तूही ये म्हटल्यावर येणारा नाहीस. बघू. पण मला एक हवंय."

"काय?"

"माझं चित्र. हाताचं नको, हात बघितलास तू पुष्कळ. माझा चेहरा. तू काढलेला."

तांगीने तिच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं.

"मी काढत नाही, बोफा. मी गिरवतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या पेन्सिलीवरून गेलोय. खाली रेघ असली की माझा हात चालतो. कोऱ्या कागदावर…"

"म्हणूनच तर मागतेय." तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "मला चार महिन्यांत कुणीतरी विसरून गेलं, तांगी. आता तू दुसरीच्या रेघेवरून माझ्यावर येऊ नकोस. चुकू दे. खुर्ची झाली तरी चालेल. पण खाली कोणी नको."

तिने उत्तर मागितलं नाही. दोघं सूप प्यायला गेले.

पुढचे दोन महिने चांगले गेले, फार चांगले. दोघं नदीकाठी फिरले, भांडले, एकदा समुद्रावर जाऊन तांगीच्या आईकडे मासे खाऊन आले. चित्राचा विषय तिने एकदाही काढला नाही. ऑगस्टच्या शेवटी त्याने तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीच्या काचेवर तिने आतून डावा हात टेकवला, त्याने बाहेरून उजवा. गाडी निघाली तेव्हा तो फलाटावर दहा पावलं बरोबर चालला आणि मग थांबला.

ती दर रविवारी फोन करते. मार्सेयचे लोक जोरात बोलतात म्हणते, तिथल्या शिरा मात्र सारख्याच. मावशीची चौकशी करते. आधी विचारायची नाही, हल्ली फोन ठेवताना विचारते, "काढतोयस का?"

"काढतोय."

"खोटारडा," ती म्हणते आणि हसते. मग पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू येतो.

तांगी आता टेबलाच्या त्याच बाजूला बसतो जिथे ती बसायची. रोज सकाळी कागद घेतो. तिचा चेहरा त्याला पाठ आहे. कपाळ, डावी भुवई जराशी वर, हसायच्या आधी गालाला पडणारी ती घडी. डोळे मिटले की सगळं दिसतं. पेन्सिल टेकवतो आणि खाली दुसरी रेघ शोधतो, ती नसते, आणि हात तिथेच थांबतो. एकदा कपाळापर्यंत जमलं होतं. ते क्लेलियाचं निघालं. त्याने ते खोडलं नाही, बाजूला ठेवलं, नवा कागद घेतला.

सिनेमा थंडीत लागेल म्हणतात. बोफा येणार आहे बघायला, एकाच दिवसासाठी. तोवर होईल, असं तांगी मावशीला सांगतो. मावशी म्हणते, "सूप पी."

बोफाचा चेहरा अजून काढलेला नाही.